पांढरी चार, पांढरी तीन

तिवसा तालुक्यातील या ओसरीवर एका बाजूला वेचून आणलेल्या कापसाचा ढीग आहे आणि दुसऱ्या बाजूला भजनी मंडळाची पेटी. तुकडोजी महाराजांची मोझरी याच तालुक्यात असल्यामुळे पेटी आणि खंजिरी यांचे येथे कोणाला अप्रूप नाही. अप्रूप आहे ते पेटीशेजारी बसलेल्या तरुणाच्या गिटारचे आणि तिच्यावर तो वाजवू पाहत असलेल्या जॅझचे, म्हणजे वाजवता वाजवता सुचत जाणाऱ्या अमेरिकन संगीताचे.

डावा हात भात्यावर ठेवून पेटीवर बसलेले काकाजी उजव्या हाताने तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, एकामागून एक धरतात: डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन. जॅझच्या असंख्य रचना याच साखळीवर उभ्या आहेत. शहरातील शिकवणीत या तरुणाला प्रत्येक कॉर्डसाठी वेगळे स्केल, म्हणजे ओळीने येणारे सात स्वर, पाठ करायला लावले होते, अनुक्रमे डोरियन, मिक्सोलिडियन आणि आयोनियन. नावे पाठ झाली, पण कॉर्ड बदलला की बोटे थबकत. काकाजींनी तिन्ही स्केल पेटीवर वाजवून पाहिली आणि म्हणाले, "बाबू, यात काळी पट्टी कुठंच नाही." सात स्वर तेच आहेत, सा तेवढा हलतो: पांढरी दोनपासून (डी) काफी थाट, पांढरी पाचपासून (जी) खमाज, पांढरी एकपासून (सी) बिलावल. भजनात एकदा लागलेला सा शेवटपर्यंत हलत नाही, म्हणून असा फिरता सा त्यांच्या कानाला लगेच जाणवला असावा.

मग या सात स्वरांतून कोणत्या कॉर्डवर निवडायचे काय, याचे उत्तर तरुणाच्या गिटारवरील दोन बोटांत आहे. पहिल्या कॉर्डवर एक बोट तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांडीवरील घर), सी स्वरावर आहे, आणि दुसरे बोट दुसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटवर, एफवर. हेच त्या कॉर्डचे सातवा आणि तिसरा स्वर. जी सेव्हन येताच सी एक फ्रेट मागे सरकून बी होतो आणि एफ जागेवरच राहतो. सी मेजर सेव्हनवर बी थांबतो आणि एफ सरकून ई होतो. पेटीच्या भाषेत पांढरी चारवरून पांढरी तीन. मधली धाव कशीही असो, कॉर्ड बदलताना या स्वरांपैकी एकावर उतरले की ऐकणाऱ्याला पेटी बंद असतानाही कॉर्ड कळतात.

हाच एफ शेवटच्या कॉर्डवर रेंगाळला, तर ईशी घासून खुपतो. तेथे काकाजी काळी तीन दाबतात, म्हणजे तीव्र मध्यम (चढा म), म्हणजे कल्याण थाट. मेजर कॉर्डचे खरे घर हेच, लिडियन, अशी मांडणी अमेरिकन संगीतकार जॉर्ज रसेल यांनी १९५३ मध्ये केली होती.

जी सेव्हनवर ताण हवा असेल, तर काळी चारला सा मानून पटदीप रागाचे स्वर घ्यावेत. पटदीपचे चलन, म्हणजे राग मांडण्याची ठरलेली रीत, येथे लागू नाही, हे शास्त्रीय संगीताच्या जाणकारांसाठी सांगून ठेवलेले बरे. कॉर्डचा मूळ, तिसरा आणि सातवा स्वर शाबूत राहतात, पाचवा जातो, आणि काळी एक, दोन, चार व पाच या चार पट्ट्या कॉर्डला डिवचत राहतात. जॅझमध्ये याला ऑल्टर्ड स्केल म्हणतात. गिटारवर ते ऐकताना मात्र, पुढच्या कॉर्डवर हा ताण कुठे सुटतो, याकडेच लक्ष ठेवावे.

शहरातील शिकवणी या तरुणाने सोडली आहे. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधील पहिली रचना सध्या सुरू आहे. सोळा बार (चार-चार मात्रांचे गट) पांढरी दोनचा काफी, आठ काळी दोनचा, पुन्हा आठ पांढरी दोनचा. शेतातील मोटारीची वीज रात्री येते आणि तेव्हा त्याला पाणी द्यायला जावे लागते. तोवर काकाजी कॉर्ड धरून बसतात.