वाइन असो की सरबत, बादलीत बर्फाबरोबर पाणी घाला

नमस्कार मंडळी. उन्हाळा लागला की माझ्याकडे एकच प्रश्न नाना रूपांत येतो. ताई, चार-सहा माणसं जेवायला येणार आहेत, मोसमातलं साधंसं काहीतरी करणार आहे, सोबत वाइन आणि सरबत आहे, काय काय सांभाळू?

स्वयंपाकाचं भराभर सांगते, ते तुम्हाला येतंच. बाजारात ज्याचा ढीग लागलाय ते आणा. गॅसजवळ कमी उभं राहावं लागेल असे पदार्थ ठरवा. काकडी, कलिंगड आयत्या वेळी चिरा आणि मीठ वाढतानाच घाला, आधी घातलंत तर सगळं पाणी सुटतं. पिकलेले टोमॅटो फ्रिजमध्ये कोंबू नका. 12 अंश सेल्सिअसच्या खाली काही दिवस राहिले की त्यांचा वास मंदावतो, आणि टोमॅटोची निम्मी चव त्या वासातच असते. झालं.

आता मुद्द्यावर येते. उन्हाळ्यात पाहुण्यांसमोर घोटाळा होतो तो थंड करण्यात. मागच्या व्हिडिओत मी बाटलीच्या बादलीत बर्फ घातला आणि वरून गार पाणी ओतलं, त्यावर किती कॉमेंट आल्या! ‘पाण्याने बर्फ लवकर वितळतो’, ‘बर्फ वाया घालवला’. एका दादांनी तर तीनदा लिहिलंय. दादा, तुमच्यासाठीच आज नीट सांगते.

ही बघा बादली, नुसत्या बर्फाची. यात बाटली रोवली. (बाटली फिरवून दाखवते.) दिसतंय? खडा काचेला टेकलाय तो इथे, इथे आणि इथे. मधे सगळी हवा. हवेतून उष्णता फार सावकाश जाते, म्हणून तर आपण स्वेटरच्या विणीत हवा अडकवतो. म्हणजे बाटलीला आपण जवळजवळ स्वेटर घातलाय. आता गार पाणी ओतते. खड्यांच्या फटी भरल्या, आणि बाटलीच्या चहूबाजूंनी शून्य अंशाच्या आसपासचं पाणी लागलं.

पटत नसेल तर हात घाला. एक हात नुसत्या बर्फात, एक बर्फाच्या पाण्यात. पहिला हात बराच वेळ तग धरतो. दुसरा अर्ध्या मिनिटात बोटांच्या सांध्यांपर्यंत ठणकायला लागतो आणि आपण बाहेर ओढतो. बाटलीचंही तेच होतं, फक्त ती ओरडत नाही.

आणि वितळण्याबद्दल. बर्फ वितळतो तेव्हाच तो काम करत असतो! शाळेत अप्रकट उष्मा शिकलो होतो, आठवतंय? एक ग्रॅम बर्फ शून्य अंशालाच वितळताना सुमारे 334 ज्यूल उष्णता ओढून घेतो. तेवढंच पाणी एक अंशाने तापायला लागतात साधारण 4.2 ज्यूल. ही उष्णता येते कुठून? बरीचशी तुमच्या बाटलीतून. न वितळलेला बर्फ बादलीत उरला म्हणजे वाचला असं नाही, त्याने अजून काम केलेलं नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी, बाटलीच्या गळ्यापर्यंत. 15 ते 20 मिनिटांत बाटली प्यायजोगी गार. फ्रिजला दोन-अडीच तास लागतात. घाई असेल तर दोन मुठी मीठ टाका, पाणी शून्याच्याही खाली जातं. मात्र बाहेर काढल्यावर बाटली फडक्याने पुसा, खारट थेंब ग्लासात पडायला नको.

फ्रीजरमध्ये टाकू का, असं विचारणारे बरेच आहेत. माझा अनुभव सांगते. एका दुपारी मी व्हाइट वाइन फ्रीजरमध्ये ठेवली, म्हटलं अर्ध्या तासाने काढू. आत्या आल्या, गप्पा रंगल्या, वाढायची गडबड झाली, आणि आठवण झाली ती रात्री. बूच वर उचललं गेलं होतं, काचेला तडा, आणि खालच्या मटारच्या पिशवीवर पिवळसर बर्फाचा थर. वाइन साधारण उणे 5-6 अंशांना गोठायला लागते आणि गोठताना फुगते. सोबत माणसं असली की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. बादली विसरलात तरी काही फुटत नाही. फेसाळणारी वाइन तर फ्रीजरमध्ये नकोच नको. तिच्यात आधीच पाच-सहा वातावरणांचा दाब असतो. आणि ती उघडतानाही पूर्ण गार हवी. कोमट बाटलीचं बूच गोळीसारखं सुटतं, डोळ्याला लागू शकतं. बूच घट्ट धरा, बाटली फिरवा, तोंड माणसांपासून दूर.

रेड वाइनबद्दल वाद घालणारी मंडळीही आहेत. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानालाच प्यायची असते.’ अहो, कुठल्या खोलीच्या? हा सल्ला थंड देशांतल्या, हीटर नसलेल्या घरांमधला. तिथली खोली म्हणजे 16 ते 18 अंश. उन्हाळ्यात आपली खोली तीसच्या वर. तेवढ्या कोमट वाइनमध्ये नाकात आधी अल्कोहोलचा भपका येतो, फळाचा वास मागे राहतो. रेडसुद्धा त्याच बादलीत दहा मिनिटं ठेवा. हलक्या रेडला 12 ते 14 अंश छान. दाट, तुरट रेड मात्र फार गार करू नका, तुरटपणा जिभेवर बसतो. व्हाइट 8 ते 12, फेसाळणारी 6 ते 8. थर्मामीटर नको, गार झाली की थोडी ओतून चाखा.

बादलीतून काढलेल्या बाटलीचा गळा पाण्याबाहेर होता, म्हणून पहिला ग्लास कोमट निघतो. साधी, म्हणजे न फेसाळणारी वाइन असेल तर उघडण्याआधी बाटली एकदा हलकेच आडवी करा. ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरा आणि दांडीला धरा. पुन्हा पुन्हा ओतलेलं बरं, हातात तापलेलं नको. ग्लासात बर्फ टाकायचाच असेल तर त्याऐवजी गोठवलेली द्राक्षं टाका, पाणी होत नाही.

आता सरबतवाल्यांसाठी, कारण प्रत्येक बैठकीत न पिणारे असतातच आणि त्यांना कोपऱ्यातलं कोमट पाणी देणं मला अजिबात खपत नाही. त्यांच्या बाटल्याही त्याच बादलीत, मधोमध. साखर गार पाण्यात नीट विरघळत नाही, तळाशी बसते. म्हणून साखर आणि पाणी सारख्या मापाने गरम करून पाक करा, गार करून ठेवा. आणि गोडी बघायची ती सरबत गार झाल्यावर, गारव्यात गोड कमी जाणवतं. लिंबाच्या चकत्या सरबताच्या जगमध्ये तासन् तास पोहत ठेवू नका, सालीखालचा पांढरा भाग कडवट उतरतो. पुदिना तळहातावर एकदा थोपटा, कुटू नका.

टेबलावर साध्या पाण्याचा जग हवाच. दारूने लघवी जास्त होते, उन्हाळ्यात शरीर आधीच सुकलेलं असतं. गाडी चालवणाऱ्याला आग्रह करायचा नाही.

शेवटची कॉमेंट, ‘बाटली उरली तर?’ बूच परत लावा, उभी फ्रिजमध्ये. साधी व्हाइट तीन-चार दिवस बरी राहते. आणि बादलीत सुटलेलं लेबल बाटलीवरून हळूच सोलून एखाद्या वहीत चिकटवा. त्याखाली त्या दिवशी कोण कोण आलं होतं ते लिहा. माझ्याकडे अशी वही आहे. हे आत्यांच्या वेळचं, बघा, कडेला अजून पाण्याची सुरकुती आहे.