वर्गातील तंत्रज्ञान : आधी मोफत साधने, मग निधी

श्रोतेहो, नमस्कार. जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक किंवा प्रोजेक्टर हवा असे ठरले, की शिक्षकांची पहिली धाव देणगीदाराकडे जाते. माझे आग्रहाचे सांगणे असे, की त्याआधी मुलांचे नेमके कोणत्या पाठाशी अडते याचा शोध घ्यावा आणि त्या पाठासाठी फुकट काय मिळते ते पाहावे, कारण पुष्कळदा हाताशी असलेल्या एका जुन्या संगणकावरही काम भागते.

बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर पाठांना पूरक चित्रफिती आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या उपक्रमातील विज्ञान-गणिताची आभासी प्रात्यक्षिके मला विशेष मोलाची वाटतात. त्यांतील अनेक मराठीत आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात, त्यामुळे रेंज नसलेल्या पाड्यावरच्या वर्गातही विजेचा परिपथ (सर्किट) मुले स्वतः जोडून पाहू शकतात. शिक्षकांनी स्वतः शिकावे यासाठी मुंबईच्या आयआयटीचे ‘स्पोकन ट्युटोरियल’ आहे, ज्यात लिबरऑफिससारख्या मुक्त, म्हणजे विनामूल्य वापरता येणाऱ्या, संगणक प्रणालींचे छोटे पाठ मराठीतून मिळतात. आणि पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत विज्ञानप्रसारक अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या खेळण्यांच्या चित्रफिती तर कोणत्याही उपकरणाच्या खरेदीआधी पाहायलाच हव्यात.

एवढे करूनही जे कमी पडेल, त्यासाठी पैसा. समग्र शिक्षा अभियानातून सरकारी शाळेला मिळणारे संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार ठरते आणि त्यातून वीजबिल, इंटरनेट, नादुरुस्त साहित्याची दुरुस्ती असे खर्च भागवता येतात. लहान पटाच्या शाळेला ही रक्कम तोकडी पडते हे मान्यच आहे. म्हणूनच, देणगीत मिळालेल्या उपकरणाचे वीजबिल दरमहा कोण भरणार, याचे उत्तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आधीच ठरावे असे मला कळकळीने वाटते. बिल थकून वीज तुटली, तर भिंतीवरचा महागडा डिजिटल फलक मुलांच्या काय कामाचा? शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि शाळा विकास आराखडा तीच तयार करते. तेव्हा तंत्रज्ञानाची गरज त्या आराखड्यात लिहिलेली असली, तर कोणाकडेही मागणी करताना शाळेची बाजू भक्कम होते.

२०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘विद्यांजली’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर शाळेने आपला यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) देऊन नोंदणी केली, की हव्या असलेल्या वस्तू तिथे मांडता येतात. शिकवायला येऊ इच्छिणारे स्वयंसेवकही त्यावर भेटतात, आणि माझ्या मते चांगला स्वयंसेवक हा एखाद्या यंत्राहून मोठा लाभ आहे.

मोठ्या खर्चासाठी कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी असतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करायची असते, आणि शिक्षण त्या कामांत येते. कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा सांगतो, म्हणून दूरच्या नामांकित उद्योगाऐवजी तालुक्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत आधी चौकशी करावी. अर्जात पटसंख्या, अडलेला विषय, शाळेकडे आधीपासून असलेले साहित्य, दरपत्रके आणि देखभालीची व्यवस्था एवढे स्पष्ट लिहावे.

वस्तू मिळाल्यावर तिची जडवस्तू नोंदवहीत (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) त्याच दिवशी नोंद करावी. काही महिन्यांनी, कोणत्या इयत्तेने तिचा काय उपयोग केला याचा छोटा अहवाल उपयोगिता प्रमाणपत्रासह (देणगी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याच्या दाखल्यासह) देणगीदाराला न मागता पाठवावा. कंपनीला या खर्चाचा तपशील दरवर्षी आपल्या अहवालात द्यावा लागतो, त्यामुळे हे कागद तिच्याही कामी येतात, आणि त्यांची एक प्रत पुढच्या मागणीअर्जाला जोडता येते.