रेषा आपल्या बाजूची बघा

श्रोतेहो, नमस्कार. लेन कशी बदलायची ते आज सांगायचं आहे, पण आधी जून मॅककॅरोल या डॉक्टरबाईंची गोष्ट ऐका.

साल १९१७. कॅलिफोर्नियातलं इंडिओ, वाळवंटातलं गाव. बाई आपल्या मॉडेल टी मोटारीतून घरी निघालेल्या. समोरून ट्रक आला, तोही रस्त्याच्या मधोमध. बाईंनी गाडी वाळूत घातली, म्हणून वाचल्या. पुढे एका रुंद केलेल्या रस्त्यावर त्यांना दिसलं, की जुना आणि नवा भाग जुळतो तिथे उंचवटा राहिलाय आणि त्यामुळे गाड्या आपापल्या बाजूनं चालतात. मग मधोमध रेषाच का आखू नये? त्या अधिकाऱ्यांकडे गेल्या. त्यांनी ऐकून घेतलं, केलं काहीच नाही. शेवटी बाईंनी स्वतःच रस्त्यावर चार इंच रुंदीची पांढरी रेषा ओढली! मग महिला मंडळांनी पिच्छा पुरवला आणि १९२४ मध्ये राज्यानं ती रेषा स्वीकारली. महिला मंडळांना नावं ठेवणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. अशी रेषा मिशिगनमध्ये १९११ सालीच आखली होती, पण चिकाटी पाहावी ती या बाईंची.

आता नियम. तुटक रेषा वाट मोकळी असेल तर ओलांडता येते. अखंड रेषा ओलांडायची नाही. दोन्ही शेजारी-शेजारी असतील, तर आपल्या बाजूची बघा. पुन्हा सांगतो, आपल्या बाजूची. ती तुटक असेल तरच ओलांडा. या रंगात काचेचे बारीक मणी असतात, त्यामुळे रात्री रेषा चमकते. पावसाचं पाणी मण्यांवर साचलं की ती दिसेनाशी होते. अशा रात्री लेन न बदललेलीच बरी.

लेन बदलताना आधी आरसे, मग इंडिकेटर, मग मान वळवून मागे नजर. आरसे, इंडिकेटर, नजर. आरशात न दिसणाऱ्या जागेत अख्खी मोटारसायकल लपते. इंडिकेटर तीन-चारदा लुकलुकू द्या. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते, मागच्याला सावरायला वेळ हवा. सरकताना ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग थोडंसंच फिरतं, म्हणून इंडिकेटर बहुधा आपोआप बंद होत नाही. तो हातानं बंद करा. आणि दोन लेन ओलांडायच्या असतील तर एका दमात नको. पहिलीत स्थिर व्हा, मग पुन्हा आरसे, इंडिकेटर, नजर.