यादी लागेपर्यंत

(दहावीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासाठी दादरला झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एवढ्या पावसात सभागृह भरलंय, त्यावरूनच घराघरांत काय चाललंय ते कळतं. मुलं कमी आणि आई-बाबा जास्त दिसतायत, तेही अपेक्षितच होतं. आपल्याकडे अकरावीचा अर्ज मुलाचा, लॉगिन आईचं आणि ओटीपी बाबांच्या फोनवर, असा मामला असतो. बाबा अंधेरीला कामावर, तिथे फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम, आणि इकडे सायबर कॅफेवाला घाई करतोय, "लवकर सांगा ताई, सेशन जाईल."

मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे आणि प्रवेशाच्या दिवसांत मार्गदर्शनाच्या टेबलावर बसायचे. तिथे सगळ्यात जास्त वेळा कानावर पडलेला प्रश्न म्हणजे, "मॅडम, आता आम्ही काय करायचं?" अर्ज लॉक झालेला, कॉलेजांचा पसंतीक्रम भरलेला, कुणाला कुठलं कॉलेज मिळालं त्या यादीला अजून आठवडा. खरं उत्तर असायचं, "काही नाही." ते ऐकून कुणाचं समाधान व्हायचं नाही. मग लोक स्वतःच काहीतरी काम शोधून काढायचे, आणि माझ्या मते निम्मा त्रास त्या शोधून काढलेल्या कामाचा असतो.

एक मुलगा आठवतो. माझ्याशी बोलताना त्याचा अंगठा स्क्रीनवर सारखा खाली ओढला जात होता. पान रिफ्रेश व्हायचं, पुन्हा तेच पान. यादी दुसऱ्या दिवशी लागणार, हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हटलं, "काय बघतोयस?" तर म्हणे, "काही नाही मॅडम, असंच." आई शेजारून म्हणाली, "जेवतानापण हेच."

मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले २००९ साली. त्याआधीची पायपीट इथल्या बऱ्याच पालकांनी केली असेल. प्रत्येक कॉलेजचा वेगळा फॉर्म, वेगळी रांग. रुईयाच्या दारात छत्री सांभाळत यादी वाचायची, तिथून पोदार, मग रूळ ओलांडून पलीकडे रुपारेल. त्या पद्धतीचे गोडवे मी गाणार नाही, हाल होते ते. पण फलक बघून झाला की माणूस घरी यायचा. रात्री दोन वाजता फलक बघायला कुणी माटुंग्याला जात नव्हतं.

आता कट-ऑफबद्दल, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. टेबलावर येणारे बहुतेक जण समजतात की कट-ऑफ कॉलेज ठरवतं. कॉलेज काही ठरवत नाही. जागा भरत भरत जातात आणि शेवटच्या जागेवर ज्याला प्रवेश मिळाला त्याचे गुण म्हणजे कट-ऑफ. दादरला फास्ट लोकलमध्ये सगळ्यात शेवटी जो माणूस चढला, त्याची उंची स्टेशनमास्तरने आधी ठरवलेली नसते ना? तसंच हे. त्यामुळे गेल्या वर्षीचा आकडा अंदाजापुरता ठीक, त्यावर शपथ घेऊ नका. त्यात कोटे असतात. अल्पसंख्याक संस्थेत निम्म्या जागा त्या समाजासाठी, शिवाय इनहाउस, म्हणजे त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी, १० टक्के, व्यवस्थापनाच्या ५ टक्के. या जागा भरल्या नाहीत की कॉलेजं त्या परत करतात आणि पुढच्या फेरीत आकडा हलतो. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'यंदाचा अपेक्षित कट-ऑफ' बघितला की मला हसू येतं. जी यादी अजून बनलेलीच नाही, तिचा शेवटचा गुण याला कुठून मिळाला?

दुसरी भीती पसंतीक्रमाची. "वर मोठं कॉलेज टाकलं तर खालचंही हातचं जाईल का?" नाही जात. संगणक गुणवत्तेनुसार एकेका विद्यार्थ्याला घेतो, त्याची पहिली पसंती बघतो, तिथे जागा नसेल तर दुसरी, मग तिसरी. साठ्ये कॉलेज तुम्ही चौथ्या क्रमांकावर लिहिलं, म्हणून तिथे पहिल्या क्रमांकावर लिहिणारा कमी गुणांचा मुलगा तुमच्या पुढे जात नाही. मात्र पहिली पसंती मिळाली की तो प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांमधून बाहेर. तेव्हा पहिल्या क्रमांकावर शेजाऱ्यांना सांगायला बरं वाटणारं कॉलेज नको. जिथे मूल खरोखर जाणार आहे ते लिहा. बदलापूरहून चर्चगेटला सकाळी सातच्या लेक्चरला रोज कोण पोचणार, हा हिशेब यादी लागल्यावर करून उपयोग नाही.

आता मनाकडे येते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली एक प्रयोग झाला. ४५ जणांना संगणकावर दगड उलटायला दिले. दगडाखाली साप असेल का, हे ओळखायचं. साप निघाला की हाताला शॉक, तोही चांगला झोंबणारा. शॉक बसणारच, हे ज्या वेळी नक्की माहीत होतं, त्या वेळी ताण तुलनेने कमी होता. सर्वांत जास्त ताण कधी, तर शक्यता निम्मी-निम्मी असताना. आता तुमच्या घरात बघा. ९७ टक्केवाली निवांत आहे. ६५ टक्केवाल्याने दोन कॉलेजं मनाशी पक्की केलीत, तो खाली क्रिकेट खेळतोय. तळमळतोय तो, ज्याचे गुण गेल्या वर्षीच्या आकड्याच्या दोन अलीकडे नाहीतर दोन पलीकडे आहेत. त्याला "एवढं काय टेन्शन घेतोस" म्हणू नका. त्याची जागाच अवघड आहे.

कॅलिफोर्नियातल्या केट स्वीनी या मानसशास्त्रज्ञ वाट बघण्याचाच अभ्यास करतात. तिथे वकिलीच्या परीक्षेचा निकाल चार महिन्यांनी लागायचा. तेवढे दिवस त्यांनी २३० उमेदवारांना सतत प्रश्न विचारले. काळजी दडपण्याचे, दुसरीकडे लक्ष वळवण्याचे जे जे उपाय लोकांनी केले, त्यांनी काळजी फारशी हटली नाही. आणि जे वाट बघताना जास्त तळमळले, त्यांनी वाईट निकाल आल्यावर स्वतःला जास्त चांगलं सावरलं. चांगला आला तर त्यांना आनंदही जास्त झाला. मला यातून एवढंच घ्यायचंय की मुलगी काळजी करतेय म्हणजे तिचं काही बिघडलंय, असं समजू नका. तिला जबरदस्तीने हसवायला जाऊ नका. त्यांच्याच पुढच्या कामात दिसलं की ज्यात माणूस पूर्ण बुडून जातो अशा कामाने हे दिवस सुसह्य होतात. रील बघत पडणं त्यात येत नाही, कारण त्याच फोनवर प्रवेशाचा ग्रुपही असतो. तबला, कॅरम, चित्र, पोळ्या लाटायला शिकणं, काहीही, पण हात आणि डोकं दोन्ही गुंतलं पाहिजे.

मात्र झोप उडाली, जेवण सुटलं, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" अशी भाषा आली, तर ते नेहमीचं टेन्शन समजून सोडून देऊ नका. मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६. दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. नंबर आत्ता फोनमध्ये टाका, मी थांबते.

वाट कधीकधी आपल्या हाताबाहेर लांबते. ९ सप्टेंबर २०२० ला मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि अकरावीची प्रक्रिया मध्येच थांबली, ती नोव्हेंबर संपत आला तेव्हा सुरू झाली. पुढच्याच वर्षी दहावीची परीक्षा रद्द झाली, म्हणून अकरावीसाठी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा, ठरली २१ ऑगस्टला. उच्च न्यायालयाने ती १० ऑगस्टला रद्द केली. अभ्यासाला बसलेल्या मुलांनी पुस्तकं मिटली. तारीख पुढे गेली की घरात कुणीतरी "यांचा कारभारच असा" म्हणून सुरू होतं. खरं असेलही, पण ते मुलासमोर तासभर नको.

यादीच्या आधी एक संध्याकाळ मात्र जरूर बसा. पहिली पसंती लागली तर काय, चौथी लागली तर घ्यायची की पुढच्या फेरीला थांबायचं, काहीच नाही लागलं तर काय, हे कागदावर लिहा. मुलाच्या अक्षरात. चौथ्या पसंतीचा प्रवेश एकदा निश्चित केला की पुढच्या फेरीत बदलून मिळत नाही, म्हणून हे आधी ठरलेलं बरं. यंदाच्या सूचना त्याच बैठकीत वाचून घ्या. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला एका फाइलमध्ये लावा. कृपा करून मूळ कागद लॅमिनेट करू नका. बैठक झाली की तो विषय यादीच्या सकाळपर्यंत बंद.

मागून एका ताईंची चिठ्ठी आलीय: "नातेवाईक रोज फोन करून विचारतात, त्यांना काय सांगू?" तारीख सांगा, आणि म्हणा, लागली की आमचाच फोन येईल. पुण्याच्या आत्याबाई तरीही करणारच. तो फोन तुम्ही घ्या, आणि घेऊन गॅलरीत जा.