चिकाचे डाग

[वेंगुर्ले तालुका. काजू कारखान्याची शेड. यंत्रांची खटखट.]

काजू बी आधी खळ्यात वाळवली, मग वाफेवर शिजवून निवत ठेवली. आता ती इथे आलीय. एका हाताने बी पात्यांमध्ये धरायची, पायाने दांडा दाबायचा, टरफल उकललं की सुईने गर अलगद सोडवायचा. गर अख्खा निघाला पाहिजे. तुकडा पडला की भाव पडला. म्हणून इथे कोणी कोणाशी फारसं बोलत नाही.

[जवळून: बोटं.]

टरफलाच्या आत पोळ्यासारखी बारीक जाळी असते आणि तिच्यात हे काळपट, जळजळीत तेल. ब्रेकच्या लायनिंगमध्ये, रंगांमध्ये ते वापरतात, त्याला गिऱ्हाईक आहे. बोटांवर चढतं ते मात्र फुकटात. बायका हाताला खोबरेल लावतात, वर राख चोळतात. पाठीमागे खुंटीला हातमोजे लटकलेले दिसताहेत. घातले की सुई हातात नीट बसत नाही आणि मजुरी किलोवर आहे. बोटांत बसतील असे पातळ, तेलाला दाद न देणारे मोजे पुरवणं हे मालकाचं काम, असं आम्हाला वाटतं.

[कलमांची बाग. झेल्याने हापूस उतरवताना.]

काजू, आंबा आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उततो हे घरोघरी ठाऊक असतं. ओले काजूगर सोलणारीची बोटं सोलवटतात आणि आंब्याचा देठ मोडल्यावर उडालेली चिकाची चिळकांडी गालावर फोड आणते, तेही तसल्याच द्रव्यांमुळे. फोड आठवड्याभरात बरा होतो. डाग मागे राहतो.

[डागाचं जवळून दृश्य.]

हा डाग म्हणजे मळ नव्हे. त्वचेच्या वरच्या थराच्या तळाशी रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात त्यांची संख्या साधारण सारखीच; आपल्याकडच्या कामाला जास्त तत्पर, एवढंच. त्वचा भाजली, खाजवली, सुजली की त्या जास्तीचं मेलॅनिन, म्हणजे हा रंग, बनवतात आणि शेजारच्या पेशींना वाटतात. रंग वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि काही महिन्यांत फिका होतो. इजा खोल गेली तर रंग खालच्या थरात गळतो. मग डाग राखाडी-निळसर दिसतो आणि वर्षानुवर्षं हटत नाही.

[शेडबाहेर, हातपंपाजवळ. एक कामगार काकी.]

“लिंबू चोळलंय, डाग जातले म्हणान.”

लिंबू चोळून उन्हात गेलं की सालीतल्या द्रव्यावर ऊन पडतं आणि कातडी पुन्हा भाजते. डाग जायचा राहिला बाजूला, नवा उठतो. घासणी, सोडा, टूथपेस्ट यांचीही तीच तऱ्हा.

[सरकारी दवाखाना. त्वचारोग ओपीडी.]

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो मलमाचा नाही, कामाचा: “हाताला अजून चीक लागतो का, काकी?” लागणं थांबलं नाही तर औषध वाया. त्यानंतर लावायची मलमं: अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड, रात्री ट्रेटिनॉइन (गरोदरपणी वर्ज्य), गरज पडली तर हायड्रोक्विनोन. हे शेवटचं थोडेच महिने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली, कारण वर्षानुवर्षं लावलं तर तेच कातडी काळी-निळी करतं.

[हर्णे बंदर. संध्याकाळचा मासळीचा लिलाव. टोपल्या, ओरडा, पाण्यावरचं ऊन.]

इथे डाग हातांवर नाहीत. दोन्ही गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर सारखे पसरलेले. हा वांग. गरोदरपण, संततिनियमनाच्या गोळ्या, घरातला वारसा, ही त्याची कारणं. ऊन त्याला खतपाणी घालतं. नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही वांग गडद होतो. म्हणून साध्या पांढऱ्या सनस्क्रीनपेक्षा लोह ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, दर दोन तासांनी. घामात आणि खाऱ्या वाऱ्यात ते टिकत नाही हे इथल्या बायकांना सांगायला नको, तेव्हा पदर आणि रुंद काठाची टोपीही हवी. वांग फिका होतो, ऊन लागलं की परत येतो.

मान मखमलीसारखी जाड आणि काळी पडली असेल तर तो वांग नव्हे; रक्तातली साखर तपासा, ती मधुमेहाची चाहूल असू शकते.

[बाजारपेठ. औषधाच्या दुकानाची काच, ट्यूबची रांग.]

“गोरं व्हायची ट्यूब द्या” म्हटलं की मिळते. गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलाय, तो मूत्रपिंडांवर जातो. काहींमध्ये स्टिरॉइड असतं, म्हणजे सूज दाबणारं जोरकस औषध. अशा ट्यूबने दोन आठवड्यांत चेहरा उजळतो, म्हणूनच ती खपते. सोडली की चेहरा लाल, पुरळ, कातडी पातळ. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. डब्यावर बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन यांपैकी नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. महिनोन्महिने लावत असाल तर एकदम बंदही करू नका. ट्यूब घेऊन ओपीडीत या, ती कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील.