मोटर भरायला टाकली आहे

[कसारा घाट. पावसाळी सकाळ, धुकं. चढावर मालगाडी, तिच्या मागे लावलेली इंजिनं.]

कसाऱ्याहून इगतपुरी. सदतीस फुटांना एक फूट चढ. मोटारसायकलवर असाल तर हा चढ तुम्हाला कळणारसुद्धा नाही. पण इथे लोखंडी रुळावर लोखंडी चाक आहे, आणि वरून पाऊस. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात.

[इंजिनाच्या चाकांचा जवळून शॉट. चार सेकंद निवेदन नाही.]

चाकांच्या मध्ये, अंधारात, जे दिसत नाही ते दाखवायला आम्ही ही फिल्म केली. इंजिनाच्या प्रत्येक ॲक्सलला एक मोटर असते. चढावर वेग कमी आणि ओढ जास्त, म्हणजे मोटरमधून करंट जास्त. करंट जास्त म्हणजे आतलं तांबं तापणार.

निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. व्होल्टेज पडलं, विहिरीवरची मोटर गुरगुरायला लागली की तो जेवण टाकून स्टार्टरकडे पळतो. उशीर झाला तर मोटर जळते. मग ती पिकअपमध्ये टाकून गावात न्यायची. भरायला, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी घालायला.

रेल्वेची मोटरही जळते. तीही भरायला टाकतात. नाशिकरोडला.

[एकलहरे रस्ता. कारखान्याचं गेट, सकाळची पाळी आत जाताना.]

कागदावर हा कर्षण मशीन कारखाना. बोलताना सगळे ट्रॅक्शन कारखाना म्हणतात.

[आतलं दृश्य. क्रेनला लटकलेली मोटर हळूहळू खाली येते.]

ही हिताची पद्धतीची मोटर. ६३० किलोवॉट, वजन सुमारे साडेतीन टन. शेतातली पाच एचपीची मोटर धरली, तर तशा एकशे सत्तरच्या आसपास मोटरी या एका डब्यात बसवल्यासारखं आहे. आणि अशा सहा मोटरी एका इंजिनाखाली.

आधी पिनियन, म्हणजे टोकाचं दातेरी चाक, निघतो, मग बेअरिंग, मग आर्मेचर, म्हणजे मोटरचा आतला फिरणारा भाग, अलगद बाहेर ओढलं जातं. अलगद म्हणजे खरोखर अलगद. क्रेनवाल्याचं बोट बटणावर आणि नजर खालच्या माणसाच्या तळहाताकडे. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत.

[हवेच्या झोतात काळा धूर उडतो.]

हा धूर नाही, कार्बनची भुकटी आहे. कम्युटेटर म्हणजे आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल, आणि ब्रश म्हणजे त्याला करंट देणारे कार्बनचे ठोकळे. ते घासून घासून तयार झालेली. ती आत साचली की करंटला भलतीकडून वाट सापडते. मग मेगर लावायचा. इन्सुलेशन टिकून आहे की गेलं, ते काटा सांगतो. गेलं असेल तर आर्मेचर मोकळं करायचं: वरची पट्टी कापायची, जुनी कॉइल उपसायची, खाचा घासून साफ करायच्या.

[हात. फक्त हात. खाचेत कॉइल बसवताना.]

आता भरणं. तांब्याच्या पट्ट्यांच्या कॉइल, प्रत्येकीवर इन्सुलेशनचे थर. खाचेत आधी अस्तर, मग खालची कॉइल, मग वरची. कॉइल खाचेत सरळ बसत नाही, तिला समजवावं लागतं. हे कॉइल भरणाऱ्या काकांचं वाक्य, आमचं नव्हे. त्यांच्या हातात फायबरचा ठोकळा आणि लहान हातोडी. ठोका जोरात बसला तर इन्सुलेशन फाटतं, हलका बसला तर कॉइल वर राहते. आम्ही कॅमेरा चाळीस मिनिटं लावून ठेवला होता. त्यातली दीड मिनिटं तुम्ही पाहताय. संकलकाचं म्हणणं होतं, वीस सेकंद पुरेत. आम्ही ऐकलं नाही.

कॉइलची टोकं कम्युटेटरला वेल्डिंगने जोडली की वरून काचतंतूची पट्टी ताणून गुंडाळतात. फिरताना कॉइल बाहेर फेकल्या जाऊ नयेत म्हणून. मग वार्निशची टाकी. आधी पंपाने आतली हवा खेचून घ्यायची, म्हणजे फटीतला ओलावासुद्धा निघतो. मग वार्निश सोडायचं, वर दाब द्यायचा आणि शेवटी भट्टी.

[भट्टीचं दार उघडतं.]

वास तुमच्यापर्यंत पोचवता येत नाही. बरंच आहे.

[मुंबई. घाटकोपरकडे येणारी मेट्रो.]

मेट्रो आली की आपण डबा पाहतो. रंग, सीटा, एसी. दिल्लीची मेट्रो डिसेंबर २००२ मध्ये सुरू झाली. तिथल्या पहिल्या गाड्यांना आता मधल्या वयात नवं रूप देत आहेत: नवी फरशी, नवा रंग, मोबाइल चार्जिंग, सीसीटीव्ही. कॅमेऱ्याला हे आवडतं, आम्हालाही आवडतं. पण गाडी चालते ती खालच्या मोटरीवर. मुंबईच्या पहिल्या मेट्रो मार्गावर ११.४ किलोमीटरात बारा स्थानकं आहेत. म्हणजे वर्सोव्याहून घाटकोपरला जाताना मोटरी अकरा वेळा जोर लावतात आणि अकरा वेळा ब्रेक लागताना त्याच मोटरी जनरेटर होऊन वीज तारेत परत पाठवतात. दर वेळी तापणं, दर वेळी निवणं. इन्सुलेशन यानेच म्हातारं होतं.

मुंबई, नागपूर, पुणे. तिन्ही शहरांत मेट्रो धावते आहे. कधी ना कधी त्यांच्याही मोटरी उघडाव्या लागतील. नाशिकरोडला उघडणारे हात आहेत, आणि रेल्वेच्या वीज अभियंत्यांना शिकवणारी संस्था, इरीन, तीही इथेच आहे. आम्ही फक्त नकाशा दाखवतोय.

नाशिकच्या स्वतःच्या मेट्रो निओसाठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी जाहीर झाले होते. रबरी टायरची, वरच्या तारेवर चालणारी जोडबस. ती रस्त्यावर आलेली नाही. शूट करायला काही नव्हतं, म्हणून ती या फिल्ममध्ये नाही.

[दुसऱ्या टेबलावर नवी मोटर. तिला कम्युटेटर नाही.]

ही थ्री-फेज मोटर. मेट्रोत असते तीच जात, फक्त अंगाने मोठी, ८५० किलोवॉटची. ब्रश नाहीत, भुकटी नाही, देखभाल कमी. कम्युटेटरवर हात बसलेला माणूसही तिला लागत नाही. वाइंडिंग, म्हणजे आतल्या कॉइल, मात्र आहेच, आणि तापणंही.

[चाचणीचं टेबल. भरलेली हिताची मोटर वेग घेते. आवाज खालून वर चढत जातो.]

काका बेअरिंगवर तळहात ठेवून उभे आहेत. समोर मीटर आहे, त्यावर सगळं दिसतं. तरी हात.

[मोटर ट्रकवर चढते. बाजूला खडूने लिहिलेला आकडा. ट्रक गेटबाहेर, एकलहरे रस्त्यावर.]

परत आत आलो, तर क्रेनला दुसरी मोटर लटकलेली होती.