प्लाझ्माची हवा आणि पंक्चरवाले मामा

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय प्लाझ्मा कटिंगच्या टॉर्चबद्दल, म्हणजे विजेनं धातू कापायच्या मशीनची जी हातात धरायची दांडी असते, तिच्याबद्दल. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या शेडमधून फिरलं की हे मशीन दिसतंच आता. गॅस कटर तुम्हाला माहिती आहे, त्याबद्दल काही सांगत बसत नाही. पण गॅसनं स्टेनलेस कापत नाही, अॅल्युमिनियम कापत नाही, म्हणून 1950 च्या दशकात अमेरिकेत प्लाझ्मा निघाला आणि आता तो ट्रॉल्या बनवणाऱ्या पोरांच्या हातात आहे.

करतो काय तो? कॉम्प्रेसरची हवा नोझलच्या, म्हणजे टॉर्चच्या तोंडाच्या टोपीच्या, बारीक भोकातून जोरात सोडायची आणि त्याच हवेतून करंट न्यायचा. हवा तापते, म्हणजे किती तर 20,000 डिग्रीच्या आसपास, त्या तापलेल्या हवेलाच प्लाझ्मा म्हणतात, तिनं लोखंड वितळतं आणि तीच हवा वितळलेलं लोखंड खाली उडवून टाकते. म्हणजे कापते हवा. हे लक्षात ठेवा, कापते हवा. कारण यावरूनच मला ती गोष्ट सांगायचीय, जी मी जाईल तिथं सांगतो.

आमच्या ओळखीचे एक शेडवाले आहेत, नाव नको, उसाच्या ट्रॉल्या बनवतात. पावसाळ्यात त्यांची खरी गडबड, कारण कारखाने सुरू व्हायच्या आधी, दसऱ्याच्या आत ट्रॉली पाहिजे म्हणून शेतकरी दारात बसून असतो. (आणि अॅडव्हान्स द्यायचं म्हटलं की तोच शेतकरी बैल विकायला गेलेला असतो, असो.) तर ऐन पावसात ह्यांच्या प्लाझ्माला रोग लागला. नवीन नोझल लावायचं, दोन-चार प्लेटा कापायच्या की भोक लांबट, कट तिरका, खाली ही एवढी स्लॅग, म्हणजे वितळून चिकटलेलं लोखंड, की पोरगं छिन्नी घेऊन ठोकत बसलंय. मालक म्हणाले नोझल डुप्लिकेट आहे. ओरिजिनल आणलं, तेही गेलं. मग म्हणाले व्होल्टेज कमी आहे, स्टॅबिलायझर बसवला. मग पुण्याहून मेकॅनिक आला, मशीन उघडलं, धूळ उडवली, बिल दिलं आणि गेला. शेवटी मशीनला लिंबू-मिरची बांधली, मी डोळ्यांनी बघितलीय, बरोबर अँपिअरच्या बटणाच्या वर.

समोर रस्त्यापलीकडं एक पंक्चरवाले मामा आहेत. ते ट्यूबचे पैसे मागायला आले होते, कटिंगशी त्यांचा काही संबंध नाही. पैसे काही मिळेनात, म्हणून उभे राहिले, आणि उभ्या उभ्या त्यांनी कॉम्प्रेसर ऐकला. सारखा चालू बंद, चालू बंद. मामा टाकीजवळ गेले, पाना घेतला आणि वरून ठोकलं, ठण्ण. खाली पोटाजवळ ठोकलं, थप्प. म्हणाले, "मालक, पानी कवा सोडलं हुतं?" मालक म्हणाले, "कसलं पाणी? यात हवा असते." मामा नुसते हसले. गुडघ्यावर बसले, टाकीखाली हात घातला, तर पाणी सोडायचा ड्रेन कॉक सापडेना, कारण वर्षावर्षाला टाकी रंगवताना पोरांनी कॉकसकट रंगवलेली! मशीन बंद करायला लावलं, प्रेशर उतरवलं, रंग खरवडला, तोंड बाजूला करून कॉक हळूहळू फिरवला. आणि मंडळी, जे काय बाहेर पडायला लागलं, दुधाच्या चहासारखं, तेल आणि गंज मिसळलेलं, बादली भरली, दुसरी लावली, शेडभर वास. पावसाळ्याची दमट हवा दाबली की तिच्यातलं पाणी सुटतं आणि टाकीत बसतं, आणि तेच पाणी पाइपातून टॉर्चमध्ये जात होतं. नोझलच्या आत करंट सोडणारा इलेक्ट्रोड असतो, त्याच्या टोकाला हाफ्नियम नावाच्या धातूचा ठिपका असतो, आर्क, म्हणजे विजेची ज्योत, तिथूनच निघते, त्याला ओली तेलकट हवा खाऊन टाकते. आर्क डगमगली की नोझलचं भोक गेलंच. वर टाकीत पाणी भरल्यामुळं हवेला जागा नाही म्हणून कॉम्प्रेसर धापा टाकतोय, आणि टाकी आतून गंजतीय, ती फुटली असती तर मग ट्रॉली पण नाही आणि शेड पण नाही.

मामांना ट्यूबचे पैसे मिळाले, चहा पण मिळाला. मशीनजवळ पाणी धरणारा फिल्टर बसला. लिंबू-मिरची मात्र अजून हलवलेली नाही, परवाच बघून आलो. माझं तर मत आहे की एमआयडीसीत कन्सल्टंट बोलवायच्या आधी पंक्चरवाल्याला बोलवावं, पण आपलं कोण ऐकतंय.

तर रोज सकाळी टाकीचं पाणी सोडा. परत सांगतो, रोज सकाळी, पावसाळ्यात दुपारी पण. हवा कोरडी आहे का बघायचं तर मशीनवर नुसती हवा सोडायचं बटण असतं, ते लावून टॉर्चपुढं पांढरा कागद धरा, ठिपके आले की समजायचं. ट्रिगर दाबून हे करायचं नाही हां!

आता बाकीचं भराभर, वेळ थोडा राहिलाय. नोझल, इलेक्ट्रोड बदलताना मेन स्विच बंद, कारण वेल्डिंग मशीनचं रिकामं, म्हणजे आर्क पेटलेली नसतानाचं, व्होल्टेज साधारण शंभराच्या आत असतं, याचं अडीचशेच्या वर. इलेक्ट्रोडच्या ठिपक्यात दीड मिलिमीटरच्या आसपास खड्डा पडला की बदला, आणि नोझल बरोबरच बदला. अर्थ क्लॅम्प, म्हणजे मशीनच्या परतीच्या वायरचा चिमटा, रंग खरवडून जॉबलाच, म्हणजे कापायच्या प्लेटलाच, लावा, कापून खाली पडणाऱ्या तुकड्याला नाही. हवेत उगाच आर्क मारून दाखवायची नाही, रीलवाल्या पोरांनो, तुम्हालाच सांगतोय, नोझल बापाच्या पैशाचं असतं. 40 अँपिअरच्या मशीनला डोळ्यांपुढं निदान 5-6 नंबरची काळी काच, मोठ्याला 8-9, साधा काळा गॉगल चालत नाही. अंगात सुती कपडे, नायलॉनचा टी-शर्ट नको, खिशात लायटर नको.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा कापताना शेडची दोन्ही दारं उघडी पाहिजेत. त्याचा जस्ताचा धूर नाकात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि घरचे मलेरिया समजून रक्त तपासायला नेतात. आणि तेलाचे, थिनरचे जुने ड्रम कापायला कुणी आणले तर सरळ परत पाठवा, आत वाफ असते, ठिणगीला तेवढं पुरतं.

ट्रिगर सोडल्यावर थोडे सेकंद हवा चालूच राहते, ती टॉर्च थंड करायला असते, तेवढी थांबू द्या, लाइट बिल वाचवायला लगेच बटण मारू नका. प्रेशरच्या काट्याचं राहिलं बघा, ते मशीनच्या पाटीवर लिहिलंय तेवढंच ठेवा. बातम्यांची वेळ झाली, नमस्कार.